वघईच्या रानात एक दिवस



“फादर, वर्षभर चिखल तुडवतो ते काय कमी आहे, की आता डोंगरात चालायला नेता?” गेल्या हिवाळ्यात सहलीची नावे लिहून घेत असताना एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने मला हे विचारले. प्रश्न रास्त आहे. शहरातल्या माणसाला डॉक्टर चालायला सांगतात, कारण तो खुर्चीत बसून असतो. शेतकऱ्याला वेगळे चालायचे ते कशासाठी?

पण आपण आपल्याच दिवसाकडे जरा नीट पाहू या. पलसाण्याची जमीन सपाट. घरून शेतापर्यंत मोटरसायकल, बांधावरून पंपापर्यंत चार पावले, मग दोन-तीन तास कमरेत वाकून काम किंवा एका जागी उभे राहून देखरेख. यात अंग मोडते, घाम येतो, परंतु छाती भरून श्वास घ्यावा लागेल असे सलग चालणे फारसे होत नाही. चढणीवर अर्धा तास न थांबता चालले की हृदय आणि फुप्फुसे यांना जे काम मिळते, ते निंदणी-खुरपणीत मिळत नाही. उतरताना तर आणखी वेगळे घडते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात. ही सवय आपल्या सपाट मुलखातल्या मांड्यांना नसते, म्हणून सहलीनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तोंडातून “अरे देवा” निघते. स्नायूंच्या धाग्यांना झालेली ती बारीक इजा असते, तीन-चार दिवसांत आपोआप भरून येते, आणि पुढच्या खेपेला त्रास कमी होतो. त्यासाठी गोळी घ्यायची गरज नाही. हलके चालत राहावे.

जायचे कोठे? आपल्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर डांगचे जंगल सुरू होते आणि त्याच्या पायथ्याशी वघई आहे. बारडोली, महुवा, अनावल, उनाई करत जाता येते किंवा मोठ्या रस्त्याने चिखलीला उतरून वांसद्यावरून. बिलिमोऱ्याहून वघईला छोटी रेल्वेही जाते. बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली ही अरुंद रुळांची गाडी ६३ किलोमीटर अंतर कापायला तीन तासांच्या आसपास घेते. मुलांना ती फार आवडते, पण चालण्याचा दिवस मात्र ती गाडीच खाऊन टाकते. तेव्हा रेल्वेची हौस वेगळ्या दिवशी फेडावी.

वघई हे छोटे गाव. गावाजवळच वनखात्याचे २४ हेक्टरांचे वनस्पती उद्यान आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेथूनच सुरुवात करावी, कारण तेथे झाडांवर नावे लिहिलेली असतात आणि वाट सोपी आहे. सापुताऱ्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की गिरा धबधबा, तेथे पाणी सुमारे ३० मीटर खाली अंबिकेत कोसळते. वांसद्याच्या बाजूला अंबिकेच्या काठी वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. एके काळी ते वांसदा संस्थानच्या राजांचे खाजगी रान होते, १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे २४ चौरस किलोमीटर, पण आत शिरल्यावर दुपारीसुद्धा अंधारल्यासारखे वाटावे इतके काही ठिकाणी दाट. तेथे वनखात्याची परवानगी घेऊन आणि त्यांचा माणूस बरोबर घेऊनच जायचे. “आपल्याला कोण अडवतो” ही भाषा तेथे चालत नाही आणि चालूही नये.

आता शेतकऱ्याने रानात काय पाहावे ते सांगतो. पोपट आणि हरणे मुले शोधतीलच. आपण जमीन पाहावी.

डांगचे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचेच उत्तरेकडचे टोक. त्यांवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा डोक्यात नीट बसावा म्हणून एक हिशेब करू. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १० कोटी लिटर होते. डांगमध्ये एवढा पाऊस जुलैच्या एखाद्या दिवसातही पडून जातो. हे पाणी जाते कोठे? काही पूर्णेत, काही अंबिकेत. अंबिका नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, वघई-उनाईवरून गणदेवी-बिलिमोऱ्याकडे जाते आणि समुद्राला मिळते. एकूण लांबी सुमारे १३६ किलोमीटर. एवढ्या आखूड अंतरात डोंगर संपतो आणि सपाटी लागते, त्यामुळे वर पाऊस पडला की खाली पूर यायला फार वेळ लागत नाही. नवसारीकडच्या आपल्या नातेवाईकांना हे वेगळे सांगायला नको.

रानात जाऊन झाडाखालचा पाचोळा हाताने बाजूला करून पाहा. वर कोरडी पाने, खाली अर्धी कुजलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती, त्यात मुळ्या, बुरशीचे पांढरे धागे आणि किडे. हा थर स्पंजासारखा पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. दिवाळीनंतरही जे ओढे वाहत असतात ते या थराच्या जीवावर. आता थोडे चालून असे ठिकाण शोधा, जेथे उन्हाळ्यात वणवा गेला आहे किंवा नुसता साग आहे आणि खाली झुडूप नाही. तेथे माती उघडी, घट्ट आणि लालसर दिसेल, मुळ्या वर आलेल्या दिसतील. सागाचे पान मोठे असते. पावसाचे बारीक थेंब त्या पानावर एकत्र होतात आणि पानाच्या टोकावरून जाड थेंब बनून खाली पडतात. खाली पाचोळा आणि झुडूप असेल तर काही बिघडत नाही, परंतु उघड्या जमिनीवर तोच थेंब हातोडीसारखा बसतो आणि माती उडवतो. म्हणजे झाडे उभी आहेत एवढ्यावरून जमीन सुरक्षित आहे असे समजायचे नाही, तर झाडाखाली काय आहे ते पाहायचे.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण उसाची तोड झाल्यावर आपण पाचट जाळतो. काडी लावली की शेत एका तासात मोकळे, पुढची मशागत सोपी. मलाही ते समजते. पण वघईच्या रानातली ती काळी माती मुठीत घेऊन दाबून पाहा, मग घरी येऊन जाळलेल्या शेतातली माती तशीच दाबून पाहा. पाचट सरीत आच्छादून खोडवा घेणारे शेतकरी आपल्या भागातही आहेत. त्यांच्याकडे पाणी किती दिवसांनी द्यावे लागते ते विचारावे. कालव्याला पाणी भरपूर आहे तोपर्यंत या गोष्टी आपल्याला पुस्तकी वाटतात.

झाडांपैकी साग आणि बांबू सर्वांना ओळखता येतात. ऐन ओळखावा तो सालीवरून. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल असते, आणि काही ऐनांच्या खोडात उन्हाळ्यातही पाणी साठलेले असते. शिवाय खैर, हेद, कळंब, बिबळा, धावडा आणि मोह. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात आणि सागाची पाने जळून जाळीदार झालेली दिसली, तर घाबरू नका. तो रोग नव्हे. पानातला हिरवा भाग खाऊन फक्त शिरा ठेवणाऱ्या अळीचे ते काम असते, आणि पुढच्या वर्षी झाड पुन्हा पालवते.

शेतेही पाहावीत. उतारावरच्या छोट्या तुकड्यांत नागली, वरई, उडीद, खुरासणी घेतात. नागलीची रोपे तयार करण्यासाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजण्याची जुनी पद्धत आहे, तिला आपल्याकडे राब म्हणतात. नवसारी कृषी विद्यापीठाचे डोंगरी तृणधान्यांचे संशोधन केंद्र वघईलाच आहे. गुजरात सरकारने २०२१ मध्ये डांग हा रासायनिक खतांपासून मुक्त, नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर केला. जाहीर करणे सोपे असते. विकत घेणाराच मिळाला नाही, तर तो शेतकरी किती वर्षे तग धरेल? म्हणून येताना दोन किलो नागली वघईच्या बाजारातून, भाव न पाडता, घेऊन यावी. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या तुलनेत नाममात्र. बाळंतिणी, वाढती मुले आणि गुडघे धरून बसणारी आजी, तिघांच्याही ताटात नागलीची भाकरी हवी.

आणखी एक गोष्ट पाहायला मिळेल, ती मात्र मनाला लागते. डिसेंबरात डांगच्या पाड्यांवरून चालताना कित्येक घरांना बाहेरून कडी लावलेली असते. अंगणात म्हातारी माणसे आणि लहान मुले. बाकीचे कोठे गेले असे विचारू नका, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ते आपल्याकडे आले आहेत. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि उन्हाळा लागेपर्यंत आपल्या शिवारातल्या पडावावर, उसाच्या पाल्याच्या झोपडीत राहतो. आपण त्यांना “कोयतेवाले” म्हणतो, नाव क्वचित विचारतो. त्यांचे घर, त्यांचे तुळशीसारखे सारवलेले अंगण, त्यांनी अंगणात टांगलेले नागलीचे बी, हे सारे त्यांच्या गैरहजेरीत आपण पाहणार. त्यांची डांगी बोली ऐकलीत तर आपल्यातल्या खानदेशाकडून आलेल्या कुटुंबांना निम्मी कळेल. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा डांग कोणाचा यावर केवढा वाद झाला होता, तो या बोलीमुळेच. त्या बोलीत कोणी “पाणी पिशील का?” असे विचारले, तर बसावे, पाणी प्यावे आणि त्या घरची माणसे कोणत्या गावच्या पडावावर आहेत ते विचारावे. परतल्यावर निरोप पोचवता येतो. मागे एका आजीबाईंचा असा निरोप आमच्या मुलांनी गंगाधऱ्याजवळच्या एका पडावावर पोचवला, तेव्हा त्या बाईने हातातला कोयता खाली ठेवून मुलांना दोनदा तोच निरोप सांगायला लावला.

फोटो काढायचा तर विचारून. वाटेत शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड दिसला तर त्यावर बसू नये, मुलांनाही बसू देऊ नये.

आता आरोग्याचे, आणि येथे मी थोडा कडक होणार आहे.

पहिली गोष्ट वेळेची. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगितला, तो आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा १० किलोमीटर चालायचे आणि एकूण चढ ३०० मीटर. म्हणजे अडीच तास. पण हा हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. मुले, महिला मंडळ, जेवण आणि गप्पा धरून दुप्पट करावा, म्हणजे पाच तास. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि झाडीत त्याआधीच अंधार होतो. म्हणून सकाळी नऊला निघालो तर पोचलो असू किंवा नसू, बाराला परत फिरायचे. “इतके आलोच आहोत तर” हे वाक्य रानात फार महाग पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात गिरा धबधबा पाहायला गर्दी होते. दुरून पाहावा. काळ्या खडकावर शेवाळ असते आणि चप्पल घातलेला पाय तेथे टिकत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. ओढ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा दूरवरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंचावर जायचे. पलीकडे अडकलो तर पलीकडेच थांबायचे. दोर धरून ओढा ओलांडण्याचे धाडस सिनेमात ठीक असते.

पिण्याचे पाणी प्रत्येकाने निदान दोन लिटर बरोबर घ्यावे. घाम फार आला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने मोजून. याच तत्त्वावरच्या साखर-मिठाच्या पाण्याने १९७१ मध्ये बंगालच्या निर्वासित छावणीत पटकीच्या हजारो रोग्यांचे प्राण वाचले होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा आणि उपाशीपोटी चालू नये.

तिसरी गोष्ट सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या उसातही आहेत आणि डांगातही. पाचोळ्यात पाय टाकण्याआधी काठीने आवाज करावा, दगड उलटू नये, लाकडाच्या ओंडक्यापलीकडे न पाहता पाय ठेवू नये, बूट घालावेत. तरीही चावलाच तर घट्ट दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, तोंडाने चोखायची नाही. मंत्र आणि मुळी यांत तर एक मिनिटही घालवायचे नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावे, कारण सूज येते. हात किंवा पाय मोडल्यावर जसा काठ्या लावून स्थिर करतात तसा करावा, माणसाला चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ ला फोन करावा. विषावर औषध एकच, सर्पविषप्रतिबंधक लस, आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. साप मारून बरोबर नेण्याची आवश्यकता नाही. एक लक्षात ठेवा, दरीत फोन लागत नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन कोठल्या वळणापर्यंत लागतो ते पाहून ठेवावे.

उंच झाडांवर किंवा कड्यांवर आग्या मोहोळ असते. त्याखाली विडी, शेकोटी, आरडाओरडा आणि अत्तर नको. माशा उठल्या तर डोके-तोंड कापडाने झाकून दूर पळावे, पाण्यात उडी मारू नये. बिबट्याचे म्हणाल, तर तो पाहायला डांगला जायलाच नको. मांडवी-महुव्याकडच्या उसात तो आहेच.

चौथी गोष्ट मला स्वतःची चूक सांगूनच लिहावी लागेल. काही वर्षांपूर्वी युवकांना घेऊन गेलो असता एक चौदा वर्षांचा मुलगा इतरांबरोबर सकाळच्या गार पाण्यात उतरला, दिवसभर चढला आणि पाणी फारच कमी प्याला. संध्याकाळी गाडीत त्याच्या पायांत आणि पाठीत अशा कळा सुरू झाल्या की तो ओरडू लागला. त्याला सिकलसेलचा आजार होता. घरच्यांना माहीत होते, त्याला स्वतःलाही माहीत होते, पण मित्रांत वेगळे पडू नये म्हणून तो बोलला नाही. आणि मी विचारले नव्हते. रात्रभर सलाईन लावल्यावर त्याला उतार पडला.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी झाले, एकदम गारठा लागला किंवा दमछाक झाली की हे वाढते. दक्षिण गुजरातच्या आदिवासी कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. आईवडिलांकडून तो येतो, त्यात कोणाचा दोष नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही. ज्याला आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच यावे, सपाट वाटेवर चालावे, सतत पाणी प्यावे, गार पाण्यात उतरू नये. जो फक्त वाहक आहे त्याला सहसा त्रास होत नाही, तरी पाण्याची काळजी त्यानेही घ्यावी. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

शेवटी लेप्टोचा ताप. सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत पावसाळ्यात तो दरवर्षी येतो, हे आपण जाणतोच. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून शरीरात जाते. भेगाळलेल्या टाचांनी ओढ्यात उभे राहू नये, जखम असल्यास झाकावी. सहलीनंतर महिन्याभरात कोणाला जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल किंवा पिवळे असे काही झाले, तर डॉक्टरांना “आम्ही रानात, पाण्यात गेलो होतो” हे आठवणीने सांगावे. नुसती तापाची गोळी घेऊन चार दिवस घालवू नयेत. अंगावर कोठे काळी खपली धरलेला फोड दिसला तर तोही दाखवावा, रानातल्या बारीक किड्यांमुळे येणाऱ्या तापाची ती खूण असू शकते.

यंदाची सहल जानेवारीत काढण्याचा विचार आहे. नावे देताना वय, रक्तदाब, साखर, दमा, सिकलसेल, चालू असलेली औषधे आणि घरचा फोन हे सर्व कागदावर लिहून माझ्याकडे द्यावे. तो कागद मी दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. नव्या चपलांत कोणी येऊ नये, आणि ज्यांच्या शेतावर डांगची माणसे तोडीला आली आहेत त्यांनी त्यांच्या पाड्याचे नाव विचारून ठेवावे.